ओली भिंत आणि वाढतं बिल : भाड्याच्या खोलीचा एक धडा



जुलै महिना होता. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी सलग चौथ्या दिवशी घरच्या फ्रॉकवर शाळेत आली. मी जरा रागावूनच विचारलं, "गणवेश कुठंय गं?" ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, वाळलाच नाय." पोरं हसली. मलाही तो बहाणाच वाटला. मग वही तपासायला घेतली तर पानं मऊ पडलेली, कडेला काळे ठिपके आणि कुबट वास. त्या वहीने मला गप्प केलं. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

आमचं खारबाव भिवंडी तालुक्यात, वसई-दिवा रेल्वेमार्गावर आहे. एकीकडे भातशेती, जवळच खाडी, आणि अंजूरफाट्याच्या बाजूला गोदामंच गोदामं. गोदामात कामाला आलेली कितीतरी कुटुंबं आसपासच्या चाळींत भाड्याने राहतात. त्यांचीच मुलं आपल्या वर्गात असतात. या मुलीचं घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. वर सिमेंटचा पत्रा, आतच मोरी आणि एकच खिडकी, तीही बंद. मागच्या भिंतीला गुडघ्याच्या वरपर्यंत ओल. खोलीभर दोरी बांधलेली, तिच्यावर कपडे आणि वर पंखा फिरतोय.

तिची आई म्हणाली, "दिवसभर पंखा लावते बाई, तरी कपडे सुकत नाय. आणि बिल येतं ते वेगळंच."

घरी परत येताना हेच वाक्य डोक्यात घोळत होतं. आपण ओल ही एक तक्रार समजतो आणि बिल ही दुसरी. पण त्या खोलीत दोन्हींचं मूळ एकच होतं. खोलीत आलेलं पाणी बाहेर जात नव्हतं, आणि ते घालवण्यासाठी वीज मात्र जळत होती. मी स्वतः भाड्याच्या खोलीत नऊ वर्षं काढली आहेत. पण हा हिशोब मी कधी नीट मांडला नव्हता. तो इथे मांडते.

खोलीतली हवा किती पाणी पिते?

आधी एक गणित करू. पाचवीच्या मुलांनाही जमेल.

दहा फूट बाय बारा फूट, नऊ फूट उंच खोलीचं घनफळ होतं १०८० घनफूट, म्हणजे सुमारे ३० घनमीटर. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. ३० गुणिले ३० म्हणजे ९०० ग्रॅम. थोडक्यात, अख्ख्या खोलीतली हवा पूर्ण भरली तरी तिच्यात लिटरभरही पाणी मावत नाही.

आता पावसाळ्यात आपल्या कोकणपट्टीतली हवा आधीच ८०-९० टक्के भरलेली असते. उरली जागा किती? १०० ते २०० मिलिलिटरची. एक-दीड कप म्हणा.

आणि आपण त्या हवेत काय काय सोडतो ते बघा. हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांत सहज दोन-तीन लिटर पाणी उरतं. चार माणसं रात्री झोपली की प्रत्येकाच्या श्वासातून आणि घामातून पेलाभर तरी पाणी हवेत जातं. भात शिजताना वाफ निघते ती वेगळी. गॅसची गंमत तर बऱ्याच जणांना माहीतच नसते. गॅस जळतो तेव्हाही पाणी तयार होतं. १ किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत बावीसेक लिटर पाणी वाफेच्या रूपाने आपल्या खोलीत येतं. सिलिंडर दीड महिना पुरत असेल तर रोजचं अर्धा लिटर झालं.

जागा कपभर आणि पाणी काही लिटर. मग हे पाणी जातं कुठे? भिंतीत, गादीत, कपाटामागे, वहीच्या पानांत आणि गणवेशातच.

पंखा पाणी नाहीसं करत नाही. तो कपड्यातलं पाणी हवेत ढकलतो, एवढंच. खिडकी बंद असेल तर ती हवा थोड्याच वेळात भरते, आणि पुढचे सगळे तास पंखा फुकट फिरतो. बिल मात्र फुकट येत नाही.

पाणी चार वाटांनी येतं

ओल म्हटलं की आपण सगळी ओल एकाच मापाने मोजतो. पण पाणी कुठल्या वाटेने आलं ते कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

१. खालून चढणारं पाणी : दिव्याची वात तेल वर ओढते तशीच वीट आणि सिमेंट जमिनीतलं पाणी वर ओढतात. यालाच आपण केशाकर्षण म्हणून शिकवतो. ही ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, साधारण सारख्या उंचीच्या पट्ट्यात दिसते. पोपडे सुटतात आणि पांढरी खारट भुकटी, म्हणजे लोणा, दिसतो. खाडीजवळच्या भागात मातीत आणि पाण्यात क्षार जास्त असतात. हे क्षार हवेतलंही पाणी ओढून घेतात, त्यामुळे अशी भिंत पाऊस थांबल्यावरही लवकर सुकत नाही.

२. बाहेरून शिरणारं पाणी : पत्र्याच्या सांध्यातून, स्लॅबच्या भेगेतून, खिडकीच्या चौकटीशेजारून. पाऊस पडला की डाग मोठा होतो आणि उघडीप मिळाली की लहान होतो. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडून उडत असेल तर तेही यातच आलं.

३. नळाचं आणि मोरीचं पाणी : याला ऋतू नसतो. भर उन्हाळ्यातही ओला राहणारा डाग दिसला, तोही मोरीच्या किंवा शेजाऱ्याच्या संडास-बाथरूमच्या भिंतीला, तर पाइप किंवा मोरीचा सांधा गळतोय असं समजा.

४. आपलं आतलं पाणी : वर हिशोब केला ते. ही ओल कोपऱ्यात, कपाटामागे, गादीखाली, पेटीच्या तळाशी बुरशीच्या काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी कळते.

पहिल्या तीन वाटा घराच्या बांधकामाच्या आहेत. चौथी राहणाऱ्यांच्या हातात आहे. भाडेकरूला हा फरक माहीत असणं फार महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक वेळा सगळा दोष चौथ्या वाटेवर ढकलला जातो. "तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे आत वाळवता, म्हणून ओल येते."

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल वारलं. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष तिथल्या चौकशीत २०२२ मध्ये निघाला. आईवडिलांनी आधीपासून तक्रारी केल्या होत्या, आणि त्यांना त्यांच्या राहणीमानाचं कारण सांगितलं गेलं होतं. पुढे २०२३ मध्ये तिथे कायदा झाला आणि घर देणाऱ्या संस्थांवर ठरावीक मुदतीत दुरुस्तीचं बंधन आलं. लोक त्याला अवाबचा कायदा म्हणतात. मुलाचा खोकला आणि भिंतीची ओल यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत मांडला आहे. दमट, बुरशीच्या घरात दम्याचा आणि श्वासाचा त्रास वाढतो. म्हणून वर्गातलं एखादं मूल पावसाळाभर खोकत असेल तर डॉक्टरांकडे पाठवाच, पण घराची भिंतही विचारा.

पाणी ओळखायचा साधा प्रयोग

लागतं काय? डब्यात पोळी गुंडाळतो तो चकचकीत कागद (फॉइल) आणि चिकटपट्टी.

भिंतीचा पोपडे नसलेला, हाताला फार ओला न लागणारा भाग निवडा. कोरड्या कापडाने पुसा. वहीच्या पानाएवढा फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक तुकडा जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि दुसरा डोक्याच्या उंचीवर लावा. एक-दोन दिवसांनी बघा.

खोलीच्या बाजूला, म्हणजे फॉइलच्या वरच्या अंगाला थेंब असतील तर पाणी हवेतलं आहे. फॉइल काढल्यावर मागच्या अंगाला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून आलंय. खालच्या तुकड्यामागे ओल आहे आणि वरचा कोरडा आहे, तर पाणी बहुतेक जमिनीतून चढतंय.

त्या मुलीच्या घरी आम्ही हा प्रयोग केला. तिनेच कागद लावले आणि तिनेच काढले. खालच्या कागदामागे पाणी होतं, वरचा मागून कोरडा होता. पण वरच्या कागदाच्या पुढच्या अंगालाही दमटपणा होता. म्हणजे दोष दोन्हीकडे होता, भिंतीचाही आणि हवेचाही. हे कळल्यावर तिच्या आईच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा निम्मा उतरला, असं मला वाटलं.

आपल्या हातातलं : पाणी कमी सोडा, आलेलं बाहेर घालवा

थंड देशातले सल्ले आपल्याला तसेच लागू पडत नाहीत. तिथे बाहेरची हवा कोरडी असते, खिडकी उघडली की काम झालं. आपल्याकडे जुलैत बाहेरही दमटच असतं. तरीसुद्धा स्वयंपाकानंतर, अंघोळीनंतर किंवा रात्रभर चौघं झोपून उठल्यावर खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षाही जास्त भरलेली असते. म्हणून वेळ साधायची.

* सकाळी उठल्यावर आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर अर्धा तास खिडकी आणि दार दोन्ही उघडा. हवा आत यायला एक आणि जायला एक अशी वाट हवी.
* झड येत असेल तर पावसाच्या बाजूचं बंद आणि उलट बाजूचं उघडं ठेवा. उघडीप मिळाली की सगळं उघडा. गाद्या-उशा उभ्या करा.
* डासांमुळे किंवा तळमजल्याच्या भीतीने खिडकी बंद असते. चिकटणाऱ्या पट्टीची मच्छरजाळी स्वस्त पडते आणि खोली सोडताना काढूनही नेता येते.
* भात-डाळीवर झाकण ठेवा. वाफ कमी आणि गॅसही कमी.
* कपडे दाराबाहेर, पडवीत, जिन्याखाली, जिथे पाऊस लागणार नाही पण वारा लागेल तिथे वाळत घाला. आतच घालायचे असतील तर खिडकीजवळ घाला आणि खिडकी उघडी ठेवून मगच पंखा लावा.
* गणवेश धुतल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पायाने दाबा. टॉवेल बरंच पाणी ओढतो. रविवारी सगळे कपडे एकदम धुण्यापेक्षा रोज थोडे धुवा.
* कपाट, पेटी, पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवा. दप्तर भिंतीला टेकवू नका, खिळ्याला नाहीतर खुर्चीला अडकवा.

आता बिल : युनिट म्हणजे काय?

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. एवढं एक सूत्र मुलांना आलं की ती घरचं बिल समजावून सांगतात. उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. वॅट गुणिले तास भागिले १००० म्हणजे युनिट.

एका साध्या घराचा महिन्याचा (३० दिवसांचा) हिशोब करू :

* साधे पंखे दोन, प्रत्येकी ७५ वॅट, रोज १२ तास : ५४ युनिट
* एलईडी बल्ब दोन, ९ वॅट, ६ तास : सव्वातीन युनिट
* टीव्ही, ६० वॅट, ५ तास : ९ युनिट
* लहान फ्रीज, रोज अंदाजे १ युनिट : ३० युनिट
* पाणी तापवायचा रॉड, १५०० वॅट, २० मिनिटं : १५ युनिट
* इस्त्री, १००० वॅट, १० मिनिटं : ५ युनिट

बेरीज सुमारे ११६ युनिट.

आपल्या राज्यात घरगुती विजेचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत. दर बदलत असतात म्हणून इथे देत नाही, ते आपापल्या बिलावर बघा. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या दरात मोठी उडी असते. एक गैरसमज मात्र काढून टाका. १०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो असं नाही. वरचा दर फक्त वरच्या १६ युनिटना लागतो. पण तीच १६ युनिटं सगळ्यात महाग असतात, आणि तीच कमी करणं सगळ्यात सोपं असतं.

कसं? खोलीत कोणी नसताना किंवा बंद खिडकीत कपड्यांवर फिरणारा एक पंखा रोज ४ तास कमी केला तर ९ युनिट वाचले. १५ लिटरची बादली अंघोळीइतकी कोमट व्हायला १५०० वॅटच्या रॉडला साधारण १० मिनिटं पुरतात. आपण रॉड लावून विसरतो. २० ची १० मिनिटं केली तर साडेसात युनिट वाचले. दोन्ही मिळून साडेसोळा. बिल ९९ च्या घरात आलं, पैसा खर्च न करता.

पैसा खर्च करायचाच असेल तर भाडेकरूने एक नियम पाळावा. खोली सोडताना जे बरोबर नेता येईल त्यावरच खर्च करा. बल्ब तुमचा, पंखा तुमचा, भिंत मालकाची. बीएलडीसी नावाचे पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात. वरच्या हिशोबात दोन पंखे बदलले तर ५४ च्या जागी २२ युनिट लागतील. किंमत जास्त असते, पण तो पंखा पुढच्या खोलीतही तुमचाच. घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकन बघा. जुना डबा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केल्याने फारशी वीज वाचत नाही, ती डब्यात उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वाचते.

एक मीटर, पाच खोल्या

बऱ्याच चाळींत मालकाचं एकच मीटर असतं आणि प्रत्येक खोलीला सब-मीटर. इथे टप्प्यांचं गणित भाडेकरूच्या अंगावर येतं. समजा पाच खोल्या प्रत्येकी ८० युनिट वापरतात. प्रत्येकाचं मीटर वेगळं असतं तर पाचही खोल्या पहिल्याच टप्प्यात राहिल्या असत्या. पण एका मीटरवर बेरीज ४०० होते. त्यातले १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि १०० तिसऱ्यात. वापर तोच आणि माणसंही तीच, तरी बिल कितीतरी जास्त. वेगळ्या मीटरला स्थिर आकार वेगळा लागतो हे खरं, तोही हिशोबात धरा.

मालक ठरावीक दराने पैसे घेत असतील तर मुख्य बिल बघायला मागा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट म्हणजे खरा सरासरी दर. बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असतं. हे सगळं त्या भागाकारात येतं. कधी मालक बरोबर निघतात, तर कधी नाही. पण दोघांच्या समोर एकच आकडा असतो, आणि वाद कमी होतो.

स्वतःचं मीटर हवं असेल तर भिवंडी भागात २६ जानेवारी २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर वीजवाटप बघते, तिथे अर्ज करता येतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कोणीही वीज मागू शकतो. मालकाने संमतीपत्र दिलं नाही एवढ्याच कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. त्या जागेत आपण राहतो हे दाखवणारा कागद मात्र हवा. म्हणून भाडेकरार नोंदवून घ्या.

मालकाशी बोलायचं कसं?

ती माउली म्हणाली होती, "बोललो तर खोली खाली करा म्हणतील." ही भीती खोटी नाही. म्हणून भांडायला नको, दाखवायला जावं. फॉइलचा प्रयोग मालकांना बोलावून दाखवा. भिंतीचे तारखेसह फोटो ठेवा. दुरुस्ती छोटी आणि नेमकी सांगा. "भिंत ओली आहे" असं म्हणण्यापेक्षा "मागे मातीचा ढीग भिंतीला टेकलाय" असं म्हणा.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये जागा राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती करून भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. कलम २९ प्रमाणे वीज-पाणी तोडता येत नाही. पण हा कायदा अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू आहे, आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. त्यामुळे आपल्या करारात दुरुस्ती कोणी करायची हे सही करण्यापूर्वीच लिहून घ्या. खोली बघायला शक्यतो पावसाळ्यातच जा. उन्हाळ्यात जायचं झालं तर ताज्या रंगावर जाऊ नका, खालच्या दोन फुटांना हात लावून बघा.

हे करू नका

* ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट, फ्लेक्स किंवा वॉलपेपर लावू नका. ओल दिसेनाशी होते पण जात नाही, मागे बुरशी वाढते.
* खोली सुकवायला आत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.
* कपाटात पेटता बल्ब ठेवू नका, आग लागते. ओल ओढायला कळीचा चुना ठेवू नका, मुलांच्या डोळ्यांना धोका.
* बुरशी कोरड्या झाडूने झटकू नका. तोंडाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा. ब्लीच आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.
* ओल्या भिंतीवरच्या बटणाला किंवा बोर्डाला ओल्या हाताने शिवू नका. झिणझिण्या आल्या तर मेन बंद करून वायरमनला बोलवा. ही दुरुस्ती थांबवायची नसते.

वर्गात काय करता येईल?

मी दोन गोष्टी केल्या. एक, पावसाळाभर ओल्या गणवेशासाठी कोणाला रागवायचं नाही असं ठरवलं, आणि शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधली. दोन, चौथी-पाचवीच्या मुलांना 'मीटर वही' दिली. रोज एकाच वेळी मीटरचा आकडा लिहायचा, कालचा वजा करायचा आणि जास्त आलं तर कारण शोधायचं. मीटरच्या बोर्डाला हात न लावता, फक्त बघून. वजाबाकी, गुणाकार, दशांश, स्तंभालेख असं सगळं त्यात आलं. ज्यांच्याकडे वेगळं मीटर नाही त्यांनी उपकरणांचे तास लिहिले. बिलाची रक्कम मात्र वर्गात मोठ्याने विचारू नका. कोणाच्या घरची तंगी फळ्यावर यायला नको.

त्या मुलीच्या घराचं काय झालं? मालक आले, त्यांनी कागदामागचं पाणी स्वतः बघितलं. मागच्या बाजूला खोलीच्या जमिनीपेक्षा उंच मातीचा ढीग होता, तो काढला. पत्र्याला पन्हळ लावली, पागोळ्यांचं पाणी लांब सोडलं. खिडकीला जाळी बसली. भिंत आजही पूर्ण कोरडी नाही. खालून चढणारं पाणी एवढ्याने थांबत नाही, त्यासाठी मोठं काम लागतं. पण कपाटामागची बुरशी परत आली नाही, आणि दिवसभराचा पंखा बंद झाला.

ऑगस्टमध्ये ती गणवेशात आली तेव्हा मी काही बोलले नाही. तीच जवळ येऊन म्हणाली, "बाई, वास घ्या ना, कुबट येत नाय."

रागावण्याआधी घरी जायला हवं होतं. पालकहो, तुमच्या मुलांनी तुमच्याकडे मीटरचा आकडा मागितला तर पाच मिनिटं त्यांच्याबरोबर उभे राहा. आणि शिक्षक मित्रांनो, या जुलैत एखादं मूल गणवेशाशिवाय आलं तर आधी त्याच्या भिंतीबद्दल विचारा.